‘कोठवर?’ हा प्रश्नही प्रार्थनाच आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दुःख आणि ईश्वरश्रद्धा या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आणि त्यावर पुढच्या आठवड्यात छापलेली वाचकांची पत्रे मी दोनतीनदा वाचली. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की श्रद्धा हे दुःखावरचे गुंगीचे औषध आहे; माणसाला वास्तव झेपत नाही, म्हणून तो देव उभा करतो आणि त्याच्या नावाने स्वतःचीच समजूत घालत बसतो. उत्तरादाखल आलेल्या बहुतेक पत्रांचा, आणि त्यांत माझे काही ख्रिस्ती बांधवही आहेत, सूर असा की प्रत्येक दुःखामागे देवाची योजना असते, जे होते ते भल्यासाठीच होते आणि विश्वास पक्का असेल तर माणूस हसतमुखाने सारे सोसतो. मी ख्रिस्ती आहे, 31 वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे आणि पत्नीच्या आजारपणाची चार वर्षे व तिच्या माघारी सरलेले दीड वर्ष एवढ्या अनुभवाच्या आधाराने हे लिहीत आहे. लेखकाचे म्हणणे मला पटले नाही. पण त्याला उत्तर देणाऱ्यांचे त्याहूनही कमी पटले, म्हणून थोडी जागा मागतो.

माझ्या पत्नीला मोटर न्यूरॉन डिसीज झाला होता. मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या चेतापेशी या आजारात हळूहळू मरत जातात. कुणाची आधी हाताची पकड जाते, कुणाचा पाय अडखळतो, कुणाची जीभ जड होते. पुढे गिळणे आणि शेवटी श्वास घेणेही कठीण होते. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते आणि डोळ्यांची हालचाल सहसा अखेरपर्यंत टिकते. म्हणजे आपले काय होत आहे हे रोग्याला दिवसेंदिवस स्वच्छ दिसत असते. तिला पहिल्यांदा जाणवले ते कुलपात किल्ली फिरवताना. बोटांत जोरच येईना. ती हसून म्हणाली, ‘किल्ली बदलून आणा.’ किल्लीला काही झालेले नव्हते.

निदान कळल्यावर घरी येणाऱ्यांची रीघ लागली. माणसे चांगलीच होती, मनापासून येत होती, आणि त्यांतल्या कित्येकांचे उपकार मी आजन्म विसरणार नाही. तरीही त्या दिवसांत ऐकलेल्या काही वाक्यांनी आजारापेक्षा अधिक थकवले, हेही नमूद केले पाहिजे. ‘देव सोसेल तेवढेच देतो’ हे त्यांतले सर्वांत लाडके वाक्य. पुष्कळांना ते पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलातले वचन वाटते. आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी एक असलेल्या प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात त्याच्याशी मिळतेजुळते एक वचन आहे खरे, पण तो भाग इस्राएल लोक अरण्यात मूर्तिपूजेच्या आणि कुरकुरीच्या नादी कसे लागले याविषयी आहे. मोहाच्या प्रसंगी देव निभावून जाण्याची वाटही ठेवतो, एवढे त्याचे म्हणणे. दुःखाचे ओझे मोजून मापून पाठीवर ठेवले जाते, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. उलट करिंथकरांसच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल कबूल करतो की आशिया नावाच्या रोमी प्रांतात आपल्यावर आलेला भार शक्तीपलीकडचा होता, इतका की जगण्याचीही आशा उरली नव्हती. ज्याच्या नावावर हे वाक्य खपवले जाते, त्यालाच सोसवेनासे झाले होते!

‘जे होते ते भल्यासाठीच’ या वाक्याचीही तीच गत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले 28वे वचन त्यासाठी पुढे केले जाते. त्याच्या आधीची दहा वचने मात्र कुणी वाचून दाखवत नाही. त्यांत सारी सृष्टी प्रसूतिवेदना दिल्याप्रमाणे कण्हते आहे, विश्वास ठेवणारेही आतल्या आत कण्हत आहेत, आणि प्रार्थना कशी करावी हेच आपल्याला कळेनासे होते तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो, असे लिहिले आहे. सर्व गोष्टींतून देव कल्याण घडवतो असे म्हणणे वेगळे आणि घडणारी प्रत्येक गोष्ट कल्याणच आहे असे म्हणणे वेगळे. पहिले म्हणणे मी आजही धरून आहे. दुसरे जर खरे असेल तर मग रडायचे तरी कशासाठी?

या बाबतीत बायबलातले ईयोबाचे पुस्तक प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षातून एकदा तरी आरंभापासून शेवटपर्यंत वाचले जावे असे मला वाटते. आपल्याकडे त्याचा पहिला आणि शेवटचा अध्याय तेवढा वाचतात, म्हणजे ईयोबाचे सर्वस्व गेले आणि ईयोबाला सारे दुप्पट मिळाले, आणि मधली सारी झटापट ओलांडून जातात. तीन मित्र त्याच्या समाचाराला येतात. त्याची दशा पाहून ते मोठ्याने रडतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्दही बोलत नाही. पुस्तकभर त्यांनी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट ती हीच. मग ते बोलू लागतात, आणि जे बोलतात ते ऐकायला अगदी सोज्ज्वळ असते: देव न्यायी आहे, तो विनाकारण शिक्षा करत नाही, तेव्हा तुझ्या हातून काही पाप घडले असणार, ते कबूल कर म्हणजे सुटशील. ईयोब भांडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवालाच न्यायासनासमोर उभे राहायला सांगतो. आणि शेवटच्या, 42व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला! त्याहून लक्षात घेण्याजोगे असे की 38व्या अध्यायापासून देव स्वतः बोलतो तेव्हाही ‘हे तुझ्या वाट्याला का आले’ याचे उत्तर तो देत नाही. ईयोबाला खुलासा मिळतच नाही. आजवर केवळ कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी तुला पाहत आहे, एवढे बोलून तो थांबतो. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माझ्यासारख्याला हा शेवट फार वर्षे अपुरा वाटत असे, उत्तर न काढताच सोडून दिलेल्या उदाहरणासारखा.

आजाराच्या तिसऱ्या वर्षी पत्नीची वाचा पूर्ण गेली. आम्ही पुठ्ठ्यावर मुळाक्षरांचा एक तक्ता केला होता. मी एकेका ओळीवरून बोट फिरवायचे. हवी ती ओळ आली की तिने पापणी मिटायची. मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून बोट फिरवायचे, पुन्हा पापणी. एक शब्द व्हायला दोनतीन मिनिटे लागत. तिचे श्रम वाचावेत म्हणून काना, मात्रा, वेलांट्या आम्ही सोडूनच दिल्या होत्या. नुसत्या व्यंजनांवरून मी शब्द ओळखायचा. ‘पण’ झाले की पाणी, ‘कस’ झाले की कूस बदलायची. एका रात्री तिला झोप येईना. श्वासाचे यंत्र चालू होते, आणि त्याच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला असता तरच मला जाग आली असती. तिने तक्त्याकडे नजर वळवली. क झाला, ठ झाला, व झाला, र झाला. मी दोनदा पडताळून पाहिले. ‘कोठवर?’ असे मी मोठ्याने विचारले, आणि तिने पापणी मिटली.

तिला बायबलातल्या स्तोत्रसंहितेतले 13वे स्तोत्र वाचून हवे असावे असे मी धरले, कारण ते तिचे पाठ होते. अवघी सहा वचने, आणि पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ चार वेळा येते: हे परमेश्वरा, कोठवर मला विसरशील, कोठवर तोंड लपवशील, कोठवर मी मनात कष्टी होऊ, कोठवर वैरी माझ्यावर वरचढ राहील. मी ते वाचले. तिला खरोखर स्तोत्र हवे होते, की ती मलाच विचारत होती, की देवाला, हे मी तेव्हा विचारले नाही आणि आता विचारण्याची सोय नाही. पण त्या रात्री एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली: हा प्रश्न आमचा आम्ही नव्याने शोधलेला नव्हता. तो शास्त्रात आधीच लिहिलेला होता, आणि तोही प्रार्थना म्हणून, उपासनेत सर्वांनी मिळून गायचे गीत म्हणून.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतली साधारण एकतृतीयांश ही अशी गाऱ्हाणी आहेत, ही गोष्ट आपल्या उपासनेत मुळीच जाणवत नाही. आपण स्तुतीची तेवढी निवडून गातो. 88वे स्तोत्र मी कोणत्याही रविवारी वाचलेले ऐकले नाही. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी भरवशाकडे वळतात. हे एक स्तोत्र वळत नाही. ते काळोखाच्या उल्लेखाशी येऊन तिथेच संपते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांना त्याच्या शेवटी आशेची एखादी ओळ जोडता आली नसती काय? त्यांनी ती जोडली नाही, आणि वगळलेही नाही. बायबलातल्याच विलापगीत या पुस्तकाचा घाटही असाच पाहण्याजोगा आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर रचलेली ही पाच गीते; त्यांतली पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत, जणू शोकाला अक्षरओळख करून द्यावी तशी. ज्या ओळी आपण भिंतीवर लावतो, म्हणजे परमेश्वराची करुणा सरत नाही, ती रोज सकाळी नवी होते, त्या तिसऱ्या गीतात, पुस्तकाच्या ऐन मध्यावर येतात. त्यांच्यानंतर आणखी अडीच गीते शोक चालू राहतो आणि पुस्तक संपते ते देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय या शंकेवर. आशा मध्यावर आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना रडणे आहे. रोग्याच्या उशाशी ज्याने महिनोन्महिने काढले आहेत त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल.

आता लेखकाच्या मुद्द्याकडे येतो. गुंगीच्या औषधाचे काम वेदना विसरायला लावण्याचे. ज्या ग्रंथात ‘कोठवर’ हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या उघडपणे विचारलेला आहे, तो विसर पाडतो असे म्हणणे धारिष्ट्याचे आहे. शिवाय ख्रिस्ती विश्वासाच्या केंद्रस्थानी जी क्रूसाची, म्हणजे वधस्तंभाची, खूण आहे ती मृत्युदंड देण्याच्या साधनाची आहे. पकडला जाण्यापूर्वी गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळून जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि तो टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडून 22व्या स्तोत्राची पहिली ओळ निघाली: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, लिहिणाऱ्यांनी ती आरोळी त्याच्या मूळ बोलीत, ‘लमा सबखथनी’ या शब्दांसह जपून ठेवली. आपल्या प्रभूची शोभा राहावी एवढाच हेतू असता तर हे वाक्य त्यांनी कधीच गाळले असते.

याच आरोळीने एका तरुणाला विश्वासाकडे आणले, ते थोडक्यात सांगतो. युर्गेन मोल्टमान 1926 मध्ये हॅम्बुर्ग येथे, धर्माशी फारसा संबंध नसलेल्या घरात जन्मला. जुलै 1943 मध्ये त्या शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो विमानविरोधी तोफांवर मदतनीस म्हणून नेमलेला सतरा वर्षांचा मुलगा होता. शेजारी उभा असलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत ठार झाला आणि हा वाचला. पुढे त्याला सैन्यात जावे लागले, 1945 मध्ये तो ब्रिटिशांच्या हाती सापडला, आणि युद्धकैद्यांच्या छावणीत, आपल्या देशाने काय केले हे छळछावण्यांच्या छायाचित्रांतून समोर येत असताना, एका सैनिकी पाळकाने त्याच्या हाती बायबल ठेवले. त्यातली गाऱ्हाण्याची स्तोत्रे त्याला आपली वाटली, आणि मार्काच्या शुभवर्तमानातील ती आरोळी वाचताना आपल्याला समजून घेणारा कुणीतरी आहे अशी त्याची खात्री झाली. 1948 मध्ये सुटून तो मायदेशी परतला, ईश्वरविद्येचा अभ्यासक झाला आणि 2024 मध्ये वारला तोवर आशा आणि वधस्तंभ हेच त्याच्या चिंतनाचे विषय राहिले. मित्र का मेला आणि मी का जगलो, याचे उत्तर त्याला त्या बायबलात मिळाले नाही. तो प्रश्न देवाच्या पुत्रानेही विचारला होता, एवढे मिळाले. हे थोडे आहे असे वाटणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मला ते पुरले आहे.

दुःख हे पापाचे फळ असते, या समजुतीविषयीही बोलले पाहिजे, कारण ती सर्व धर्मांच्या माणसांत सारखीच मुरलेली आहे. कुणी तिला भोग म्हणतो, कुणी शिक्षा म्हणतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे. त्याने दोन्ही नाकारले. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न त्याने स्वतःच काढला आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. जन्मांधाच्या प्रसंगी तो पुढे जे म्हणतो, की देवाची कार्ये याच्या ठायी दिसावीत, ते वाक्य मला अजूनही जड जाते, आणि ते मला उलगडले आहे असा आव मी आणणार नाही. मात्र त्याने त्या माणसाच्या दुःखाचा हिशेब मांडत न बसता चिखल कालवला आणि त्याच्या डोळ्यांना लावला, हे मला समजते.

याच संदर्भात एक प्रसंग सांगणे भाग आहे. रोगमुक्तीसाठी प्रार्थना करणारे एक उपदेशक कुणाच्या तरी आग्रहावरून आमच्याकडे आले होते. त्यांनी पुष्कळ वेळ मोठ्या आवाजात प्रार्थना केली आणि निघताना, खोलीच्या दारात उभे राहून, पत्नीला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाले की बरे होण्याच्या आड काय येते ते मी पाहिले आहे, विश्वास कमी पडतो आहे. तिला हलता येत नव्हते, तोंड फिरवता येत नव्हते. तिने फक्त डोळे मिटून घेतले. पौलाने आपल्या शरीरातला काटा (जडलेल्या पीडेला तो हेच नाव देतो) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तसाच राहिला. पौलाचाही विश्वास कमी पडला होता, असे म्हणायला ते गृहस्थ धजले असते काय? बरे होण्यासाठी प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. आम्ही रोज केली, अगदी शेवटच्या दिवशीही केली. न बरे झालेल्या माणसाच्या माथी त्याचा दोष मारणे हे मात्र ईयोबाच्या मित्रांचे काम आहे, आणि त्यांच्यावर देव रागावला होता.

श्रद्धेमुळे माणूस हातपाय गाळून बसतो, हा लेखकाचा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून सिसिली सॉन्डर्स यांचे काम पाहावे. त्या आधी परिचारिका होत्या, पाठदुखीमुळे ते काम सोडून रुग्णालयात समाजसेविका झाल्या, 1945 मध्ये त्यांना ख्रिस्ती विश्वास गवसला. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक ज्यू रुग्ण लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. त्याच्याशी त्या तासन्‌तास बोलत बसत. मरणाऱ्या माणसांसाठी कसे घर असावे, हा त्यांच्या बोलण्याचा विषय. 1948 मध्ये तो गेला तेव्हा त्याने त्यांच्यासाठी 500 पौंड ठेवले होते, तुमच्या घराची एक खिडकी मी होईन, या शब्दांसह. त्यानंतर त्या चाळिशीकडे झुकताना डॉक्टर झाल्या, आणि खिडकीभोवतीचे घर उभे राहायला 19 वर्षे लागली: सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस 1967 मध्ये लंडनमध्ये सुरू झाले. वेदना असह्य होऊन रोग्याने याचना करेपर्यंत थांबायचे आणि मग मॉर्फिन द्यायचे, ही तेव्हाची पद्धत त्यांनी मोडीत काढली. ठरावीक वेळाने, वेदना डोके वर काढण्याआधीच औषध द्यायचे, म्हणजे पुढच्या कळेच्या भीतीत माणसाचा उरलेला दिवस जात नाही, हा त्यांचा आग्रह. शरीराचे दुखणे, मनाचे, घरच्यांच्या काळजीचे आणि जगण्याच्या अर्थाविषयीचे दुखणे ही एकमेकांत गुंतलेली असतात हेही त्यांनीच आग्रहाने मांडले. वेदना पवित्र आहे, ती सोसू द्यावी, असे या बाईंना कधी वाटले नाही. पत्नीच्या अखेरच्या महिन्यांत घरी येऊन तिचा श्वास आणि अस्वस्थता सांभाळणाऱ्या परिचारिका ज्या शास्त्राच्या बळावर ते करत होत्या, त्याची मुळे त्या खिडकीपाशी आहेत.

मग आशा म्हणजे काय? बरे वाटेल, दिवस पालटतील, हा अंदाज म्हणजे आशा नव्हे. तो अंदाज आमच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांतच खोटा ठरला होता. ख्रिस्ती माणसाची आशा एका घटनेला, येशूच्या पुनरुत्थानाला, टांगलेली आहे, आणि ती घटना जर घडलीच नसेल तर आमचा विश्वास निष्फळ आहे, असे पौलानेच लिहून ठेवले आहे. पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देहावर जखमांची खूणही उरू नये असे आपल्याला वाटेल. पण त्या उरल्या, आणि ओळख पटली ती त्यांच्यावरूनच. जे सोसले ते पुसून टाकले जाणार नाही, आणि शेवटचा शब्दही त्याचा नसेल, असे मी यातून घेतो. मरण पावलेल्या लाजाराला येशूने जिवंत केले तो प्रसंगही मला असाच वाटतो. येशूला ठाऊक होते की थोड्याच वेळात लाजार कबरेतून बाहेर येणार आहे. तरी लाजाराची बहीण मरिया हिला रडताना पाहून तो रडला. पुढे सारे ठीक होणार आहे म्हणून आत्ताचे रडणे त्याने अनावश्यक मानले नाही.

आपल्या मराठीत हे जगून दाखवलेले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1874च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी तेवढी उरली. इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या वैद्यकीय शिक्षणासाठी त्या तिथे गेल्या होत्या ते ऐकू कमी येऊ लागल्यामुळे सोडावे लागले. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. स्वतः दुष्काळात अनाथ झालेल्या बाईने दुष्काळातल्या अनाथ मुली शोधत जावे, यात मला त्यांच्या विश्वासाचे सारे सार दिसते. दुःखाचा अर्थ काय हे त्यांनी किती सांगितले ते राहू द्या. त्या जिथून आल्या होत्या तिथे परत गेल्या. तिथेही त्यांना सूट मिळाली नाही. कामाची वारसदार झालेली मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि आई काही महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी. हिब्रू आणि ग्रीक भाषांतून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर पुढे 1924 मध्ये छापून आले.

समाचाराला जाणाऱ्यांनी काय बोलावे, असे मला आता पुष्कळजण विचारतात. आमच्या मंडळीतल्या एक बाई दर गुरुवारी येत. पत्नीला त्यांची ओळख आधी फारशी नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले की केस विंचरू का, आणि पापणी मिटलेली पाहून उशाशी बसल्या. मान सावरायला उशीला एक हात लावून, एकेक बट सोडवत, गुंता असेल तिथे मुळाशी बोट धरून, म्हणजे ओढ लागू नये, असा त्यांचा अर्धा तास जाई. वेणी घालून झाली की त्या आरसा समोर धरत. जाताना प्रार्थना करू का असे विचारत, आणि दोन वाक्यांपेक्षा जास्त करत नसत. दीड वर्षात त्यांनी मला एकही वचन ऐकवले नाही. रोमकरांस पत्रात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असे आहे. त्यांना समजावा असे नाही, हे मला त्यांच्यामुळे लक्षात आले. लेखक महाशयांनी श्रद्धा तपासायची असेल तर ती आम्हा वादपटूंच्या पत्रांतून तपासू नये, अशा बायांच्या हातातल्या फणीवरून तपासावी, एवढी विनंती आहे.

संपादक महाशय, पत्र लांबले. तो तक्ता मी अजून काढलेला नाही; क आणि प यांच्यावरचा कागद बोटे फिरून फिरून मळला आहे. रात्री झोपण्यापूर्वी मी 13वे स्तोत्र उघडतो. त्याच्या शेवटच्या दोन वचनांत तो गाणारा देवाच्या दयेवर भरवसा टाकून गीत गाईन म्हणतो. काही रात्री मी तिथवर पोहोचतो. काही रात्री दुसऱ्या वचनापाशीच पुस्तक मिटतो, आणि दिवा घालवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक